ही गाडी खोलायची कशी?

(भोसरी येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, पर्यावरणपूरक गाड्या, घरं आणि घरगुती वस्तूंची नवी डिझाइन्स. आयोजकांनी फोनवर सांगितलं, भरपूर फोटो आणा, मुलांना मजा येईल. फोटो आणलेत. पण पहिला फोटो माझ्या मामूंच्या गाळ्याचा आहे, त्यामुळे काही जणांची निराशा होईल.

मामूंचा गाळा इथून जवळ, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आहे. भंगाराचा. दारात काटा, आत एका बाजूला लोखंड, एका बाजूला बीड, पोत्यांमधून तांबं आणि पितळ, कोपऱ्यात फायबरचा ढीग ज्याला कोणी विचारत नाही. मी इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत तिथे बसायचो. कॉलेजात सरांनी मोटरची आकृती काढायला शिकवली, पण मोटर आतून कशी असते ते मला मामूंकडच्या पोरांनी दाखवलं.

दीड वर्षापूर्वी त्या गाळ्यावर एका इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी आली. कुठली कंपनी ते महत्त्वाचं नाही. अपघातातली गाडी होती, कोणीतरी पत्रा, टायर, मोटर वेगळं करून पेटी तशीच विकली होती. तिथला एक पोरगा, वय असेल एकोणीस-वीस, त्याने सवयीप्रमाणे छिन्नी-हातोडा घेतला. जुनी लेड-ॲसिड बॅटरी तशीच फोडतात, शिसं काढतात. ही पेटी फुटेना. वरचं झाकण स्क्रूने नव्हतं, चिकटवलेलं होतं. त्याने जोर लावला आणि छिन्नी आतल्या सेलमध्ये गेली. आधी शिट्टीसारखा आवाज, मग पांढरा धूर, मग ज्वाळा. मामूंनी वाळूची बादली ओतली आणि लोखंडी गजाने पेटी ओढत रस्त्यावर आणली. विझली असं वाटलं. तासाभराने ती पुन्हा पेटली. पोराचा हात भाजला, बाकी निभावलं.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मामू त्या जळक्या पेटीसमोर उकिडवे बसले होते. आमच्याकडे घरात दखनी चालते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे चालत असेल. मामू म्हणाले, "बनानेवाले ने इसको कभी खोलके देख्या नै रे."

मी त्याच क्षेत्रात आहे. माझं काम सॉफ्टवेअरचं. बॅटरीच्या आत एक छोटं सर्किट असतं, ते प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि तापमान बघत राहतं आणि काही बिघडलं तर गाडी बंद करतं. त्या सर्किटचा प्रोग्रॅम मी आणि माझे सहकारी लिहितो. म्हणजे बनवणाऱ्यांमध्ये मीही आलो. मामूंचं वाक्य मला लागलं ते त्यामुळे.

आता गाड्यांकडे येतो.

आपल्या पट्ट्याला नव्या गाड्यांची कमी नाही. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणला बनतात. बजाजची इलेक्ट्रिक चेतक आकुर्डीला. आणि पुण्यातल्या वायवे मोबिलिटी या छोट्या कंपनीने 'ईव्हा' नावाची गाडी केली, ती मला मनापासून आवडते. जानेवारी २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये तिचा नमुना आला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात सव्वातीन लाखांपासून पुढे किंमत जाहीर झाली. पुढे एकटा चालक, मागे एक मोठं माणूस आणि एक मूल. छतावर सोलर पॅनल. कंपनी म्हणते की नुसत्या उन्हावर वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत चालेल. भागाकार करा, रोजचे सरासरी आठ किलोमीटर होतात. ऐकायला कमी वाटतं. पण एकट्या माणसाने घरातून निघून कंपनीत जायचं आणि परत यायचं, यासाठी दीड टनाची गाडी कशाला हवी, हा प्रश्न त्या गाडीने विचारला. माझ्या मते तिचं नावीन्य छतापेक्षा आकारात आहे.

कल्पना आली म्हणजे गाडी आली असं मात्र होत नाही. टाटा मोटर्सने २००७ मध्ये फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या गाडीचा करार केला होता. दाबलेल्या हवेची टाकी, धूर नाही. मी तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयात होतो आणि पेपरातली ती कात्रणं जपून ठेवली होती. गाडी रस्त्यावर आली नाही. हवा दाबायला वीज लागते, दाबताना उष्णता निघून जाते, आणि तेवढ्याच जागेत बॅटरी कितीतरी जास्त ऊर्जा साठवते. भौतिकशास्त्र कात्रणांना भीक घालत नाही.

तर अशा प्रदर्शनांत मी खूप हिंडलोय. फिरत्या चबुतऱ्यावर गाडी, वर दिवे, बाजूला पडदा. पडद्यावर ती गाडी समुद्राकाठून जाते, डोंगरातून जाते. ती भंगारात जाते असं कोणी दाखवत नाही. पंधरा-वीस वर्षांनी प्रत्येक गाडी कुठल्यातरी मामूंच्या दारात उभी राहणार आहे. त्या दिवशीचं चित्र डिझाइनच्या कागदावर नसेल, तर त्या डिझाइनला पर्यावरणपूरक म्हणायला मी कचरतो.

एक अपवाद मला माहीत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने 'आय व्हिजन सर्क्युलर' नावाची गाडी मांडली. फक्त कल्पना, विकायला नाही. २०४० साली गाडी कशी असेल याचा अंदाज. तिची अट अशी की सगळा माल शक्यतो पुनर्वापरातून आलेला असावा आणि शेवटी सगळा परत वापरता यावा. म्हणून रंग नाही, क्रोम नाही, आणि भाग जोडायला गोंद नाही. सीट वगैरे एका हत्याराने पटकन सुटेल अशा जोडणीवर बसवलेली. मी मामूंना मोबाईलवर तिचा व्हिडिओ दाखवला. दिसायला त्यांना ती अजिबात आवडली नाही. पण सीट सुटताना दिसली तेव्हा त्यांनी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा पाहिला.

गोंदाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोंद लावणारा इंजिनिअर मूर्ख नसतो. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांचे हादरे बसतात, स्क्रू सैल होतात. पावसात पाणी आत शिरता कामा नये. सेलची उष्णता बाहेरच्या पत्र्याकडे जायला मध्ये काहीतरी भरावं लागतं. गोंदाने वजन वाचतं आणि असेंब्ली लाइनवर वेळ वाचतो. टेस्लाच्या मॉडेल वाय गाडीच्या एका प्रकारात तर सगळ्या सेलभोवती फोम ओतून अख्खी बॅटरी गाडीच्या सांगाड्याचाच भाग केली आहे. बनवण्याच्या बाजूने पाहिलं तर फार हुशारीचं काम. खोलण्याच्या बाजूने पाहिलं तर तो फोम खरवडता खरवडता माणूस जेरीस येतो.

मी आमच्या एका बैठकीत विचारलं होतं की ही पेटी शेवटी उघडायची कशी? उत्तर आलं, ते आपल्या स्कोपमध्ये नाही. कोणी वाईट हेतूने म्हणालं नाही. खरंच नव्हतं. स्कोपमध्ये किंमत होती, वजन होतं, चार्जिंगचा वेळ होता, वॉरंटीची वर्षं होती. वॉरंटी संपल्यानंतरच्या दिवसासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

आता घरांकडे वळू. इथे मला परदेशातलं एक उदाहरण द्यायचंय, पण त्याआधी आपल्याच लग्नातला मांडव आठवा. बांबू किंवा लोखंडी पाइप, सुतळी, कापड, वर ताडपत्री. एका रात्रीत उभा राहतो, पाचशे माणसं जेवतात, दुसऱ्या दिवशी मैदान मोकळं. एकही बांबू वाया जात नाही, कारण तो मंडपवाल्याचा असतो आणि त्याला उद्या दुसऱ्याचा वलीमा आहे. गणपतीत तेच पाइप, उरुसात तेच पाइप. मालकाला वस्तू परत हवी असेल तर तो ती सुटेल अशीच बांधतो.

नेदरलँड्समध्ये आइंडहोवन गावात २०१७ च्या डिझाइन वीकमध्ये दोन संस्थांच्या वास्तुरचनाकारांनी 'पीपल्स पॅव्हिलियन' नावाची इमारत उभी केली. अट एकच, सगळं सामान उसनं आणायचं आणि जसंच्या तसं परत करायचं. त्यामुळे भोक पाडायचं नाही, खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. लाकडाच्या तुळया बांधल्या कशाने, तर पट्ट्यांनी, ज्या पट्ट्यांनी आपले ट्रकवाले माल आवळतात तशाच. जगभर त्या इमारतीचं कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं, आठवडाभरासाठी तिथे एक मोठी सभागृहाची इमारत उभी होती, मांडवापेक्षा कितीतरी अवघड. पण मला फोटो पाहताना सारखा आमच्या गल्लीतला मंडपवाला आठवत होता.

कायमच्या घरांचंही असंच. जुनी घरं चुन्यात बांधलेली असायची. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे भिंत पाडली तर वीट सबंध निघते, साफ करून पुन्हा लावता येते. सिमेंटचा जोड विटेला सोडत नाही, भिंत पाडली की विटेचे तुकडे होतात. पुण्यातल्या वाड्यांच्या तुळया, दरवाजे, खांब आज दुसऱ्यांच्या घरांत, हॉटेलांत उभे आहेत, कारण ते खुंट्या आणि खाचांवर जोडलेले होते. मी चुन्यात घर बांधा असं सांगत नाही, मी स्वतः चौदाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टला रांग लावतो. पण आपली बिल्डिंग पाडायची वेळ आली तर तिच्यातलं काय काय हाताला लागेल, याचा विचार ग्रीन बिल्डिंगची जाहिरात वाचताना करून बघा.

घरातल्या वस्तूंमध्ये माझी सगळ्यात लाडकी वस्तू एका शिक्षकाची आहे. मोहम्मद बाह अब्बा, उत्तर नायजेरियातले, कुंभाराच्या घराण्यातले. त्यांनी मातीच्या एका मोठ्या मडक्यात दुसरं छोटं मडकं ठेवलं, मधल्या फटीत ओली वाळू भरली, वर ओलं फडकं. वाळूतलं पाणी बाहेरच्या मडक्यातून झिरपून उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचीच गोष्ट, फक्त पाण्याऐवजी भाजीसाठी. तीन दिवसांत सडणारी वांगी सत्तावीस दिवस टिकली. २००० सालचा रोलेक्स पुरस्कार त्यांना मिळाला. तांत्रिक भाग एवढाच. पण ते ज्या भागात काम करत होते तिथे भाजी रोजच्या रोज विकावी लागायची आणि त्यासाठी डोक्यावर टोपली घेऊन मुलींना पाठवायचे. भाजी टिकायला लागल्यावर त्या मुलींना शाळेत जाणं शक्य झालं. त्या डिझाइनमध्ये वीज नाही, स्क्रू नाही, आणि फुटलं तर माती आहे. कोरड्या हवेत ते जास्त चालतं, कोकणच्या दमट हवेत फारसं नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी रत्नागिरीहून मला फोन करेल.

दुसरी वस्तू पुण्यातली. वेफर्सची चकचकीत पाकिटं असतात ना, त्यांत प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. पुन्हा गोंदच. ती वेगळी होत नाहीत म्हणून कचरा वेचणाऱ्या बायका ती उचलत नाहीत, त्यांना भाव नसतो. अनिश मालपाणी यांच्या 'अशाया' या संस्थेने त्यावर काम करून २०२३ मध्ये 'विदाउट' नावाने गॉगल बाजारात आणला, वेफर्सच्या पाकिटांपासून केलेला, आणि वेचक कामगारांनाच त्या कामात घेतलं. गॉगलने कचऱ्याचा डोंगर संपणार नाही. तरी ज्या मालाला काट्यावर शून्य भाव होता त्याला भाव आला, हे भंगारवाल्याच्या घरातल्या माणसाला लगेच कळतं.

मामूंचं डिझाइनवरचं मत त्यांच्या काट्यावरून ठरतं. चेतकवर ते खूश असतात, कारण तिची बॉडी पत्र्याची आहे. पत्रा वितळतो, परत पत्रा होतो. फायबरच्या बॉडीची स्कूटर आली की तोंड वाकडं. सोसायटीतला माणूस स्कूटर घेताना मायलेज बघतो, रंग बघतो. मामूंना ती मेल्यावर कशी असेल ते आधी दिसतं. ही नजर पुस्तकात नाही. आणि ती नजर असलेली माणसं बहुतांश आपल्या मोहल्ल्यांत आहेत, हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून कुदळवाडीबद्दल बोलावं लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि छोटी वर्कशॉप महापालिकेच्या कारवाईत पाडली गेली, हजारोंच्या संख्येने. मामूंचा गाळा त्या भागात नव्हता, पण त्यांचा निम्मा माल तिथून यायचा आणि तिथे जायचा. त्या दिवसांत बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर 'भंगारवाला' हा शब्द कुठल्या शब्दाला जोडून वापरला गेला ते तुम्ही वाचलंय. मला त्याचा राग आला होता. पण तुमच्यासमोर फक्त राग मांडून मी उतरलो तर अर्धंच बोललो असं होईल. कारण त्या गोदामांना आगी लागत होत्या, डिसेंबर २०२४ मध्येच तिथे मोठी आग लागली होती. वायर जाळून तांबं काढायचा काळा धूर आपणच सोसत होतो. बॅटरीचं ॲसिड गटारात जायचं आणि गटार इंद्रायणीला जायचं. कामावर पंधरा-सोळा वर्षांची पोरं असायची, ग्लोव्हज नाहीत. हे आपल्याला माहीत नव्हतं का? घरात भाकरीचा तुकडा टाकला की दादी 'इसराफ' म्हणून ओरडायची, पण नदीत ॲसिड सोडताना तो शब्द कोणाला आठवला नाही. मी त्यात स्वतःला धरतो. मी इंजिनिअर झालो आणि सात-आठ वर्षं गाळ्यावर फक्त ईदला गेलो.

यापुढे काय होणार आहे ते नीट ऐका, कारण यात तुमच्या घरच्या धंद्याचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राचे बॅटरी कचऱ्याचे नियम आले. त्यानुसार विकलेली बॅटरी परत गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. एप्रिल २०२५ पासून मोडीत निघालेल्या गाड्यांचे नियमही लागू झाले, तिथेही तसंच. कंपनीला नोंदणी असलेल्या रीसायकलरकडून प्रमाणपत्र लागतं. म्हणजे भंगाराला आता कधी नव्हे इतका मान आणि पैसा येणार आहे, पण तो नोंदणीकृत माणसाकडे जाणार. नोंदणी नसलेल्याच्या दारात उरेल ती अपघातातली, चोरून विकलेली, फुटकी पेटी. जी मामूंच्या दारात आली.

युरोपमध्ये २०२३ च्या कायद्याने ठरलंय की फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या आणि स्कूटरच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. वर क्यूआर कोड, स्कॅन केला की आत काय आहे, किती वापरली गेली आणि ती कशी सोडवायची याची माहिती. आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या मालालाही हे लागू. ही माहिती लिहिणार कोण? माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले, ज्यांनी आयुष्यात पेटी फोडलेली नाही.

म्हणून आम्ही एक लहानसं काम सुरू केलंय. मी, माझी मामेबहीण आणि तो हात भाजलेला पोरगा. मामेबहिणीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. मामू अजून तिला गाळ्यावर बसू देत नाहीत, 'वहाँ कैसा माहौल रहता' म्हणतात, त्यामुळे माल घरी आणला जातो. तो पोरगा खोलतो, ती घड्याळ लावून लिहून घेते. काय काय निघालं, किती वजनाचं, किती मिनिटांत, कुठे अडलं. सुरुवात मिक्सरपासून केली. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक मिक्सर सहा मिनिटांत सुटला, मोटर सबंध हातात आली, ती परत चालूही झाली. अलीकडचा एक मिक्सर अर्ध्या तासाने सुटला आणि त्याचं बूड तुटलं, कारण स्क्रू दिसत होते चार आणि खरे जोड होते आतल्या चिकटवलेल्या खाचांत. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये मोबाईल, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीला किती सोपी याचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती आली. आमची वही म्हणजे त्याचाच भोसरी नमुना समजा.

बॅटरीच्या पेट्या आम्ही घरी उघडत नाही आणि तुम्हीही उघडू नका, हे शंभर वेळा सांगेन. त्यासाठी एक पान केलंय, मराठीत आणि हिंदीत, चित्रांसह. लिथियमची पेटी ओळखायची कशी, फुगलेली असेल तर लांब ठेवायची, पाण्याजवळ आणि उन्हात ठेवायची नाही, छिन्नी लावायची नाही, विझलेली पुन्हा पेटू शकते, कोणाकडे द्यायची. मामूंनी ते काट्याच्या वर चिकटवलंय. गोंदानेच.

मामेबहिणीच्या वहीतली बारा पानं मी मागच्या महिन्यात ऑफिसात एका डिझाइनरला दाखवली. त्याने दोन पानांचे फोटो काढून घेतले. पुढे काही झालेलं नाही. तो फोटो घेताना म्हणाला, ही माहिती आम्हाला कुठे विकतही मिळत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे दोन टेबल फॅन आणि एक गीझर खोलायचा आहे. पाना-स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडे आहेत. ग्लोव्हज आपापले आणा. मुलींनी यावं, मामेबहीण एकटी लिहून कंटाळली आहे. आणि ज्यांच्या घरी भंगाराचा धंदा आहे पण कॉलेजात ते सांगत नाहीत, त्यांनी तर नक्की या, आम्हाला तांब्याचा आजचा भाव कोणीतरी बरोबर सांगायला हवा.